समासातलं ‘अप्रस्तुत’

अण्णा, तुमची नात ‘राष्ट्रीय’ दीर्घ लिहिते. सूत्राप्रमाणे ‘राष्ट्रिय’, ऱ्हस्व, हे तुम्ही छडी हातात घेऊन मला शिकवलं. मी लाल पेन हातात घेऊन तिला शिकवायला गेलो, तर म्हणाली, “बाबा, तुमचं सूत्र दिघोरीले भाषण आयकाले नाही येऊन राहिलं.” घराण्याची अब्रू एका वेलांटीनं गेली, एवढं तुमच्या कानावर घालतो.

ती हिमालयातल्या एका राष्ट्रीय उद्यानात (पाहा, मीही शरण गेलो) बर्फ मोजते. सुटीवर आली की आपल्याकडच्या गावांत त्या डोंगरांविषयी व्याख्यानं देते. या खेपेला दिघोरी गावातल्या व्याख्यानाची टिपणं तिनं माझ्याकडे तपासायला दिली. ‘हिमनदी’ला मी हात लावला नाही, ‘उद्यान’ शब्दावर मात्र कुणी न मागितलेलं दोन ओळींचं भाष्य लिहिलं. तिसऱ्या पानावर वाक्य होतं: ‘मार्चमध्ये माझ्या पायाखालचा बर्फाचा पूल खचला, कमरेला दोर होता म्हणून वर आले.’ घरी हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. वाक्यात चूक एकही नाही. मी ते खोडलं आणि समासात लिहिलं, ‘अप्रस्तुत’.

लिहून झाल्यावर ते अक्षर ओळखीचं वाटलं. आठवीत वैनगंगेवरच्या निबंधात मी लिहिलं होतं की पुरात उडी टाकून पलीकडचा काठ गाठला. तुम्ही तेवढीच ओळ खोडलीत आणि हाच शब्द लिहिलात. माझी सर्वांत चांगली ओळ गेली म्हणून मी कितीतरी वर्षं तुमच्यावर धुसफुसत होतो. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही मला शाळेपर्यंत सोडायला आलात. तुमची शाळा उलट्या दिशेला. वाटभर धातुरूपं म्हणून घेतलीत, नदीचं नाव काढलं नाही.

दिघोरीच्या सभागृहात ती भिंतीवर चित्रं दाखवते आहे. वरचा बर्फ म्हणजे डोंगराची बोडी, शेतावरचं तळंच, हिवाळ्यात भरते, उन्हाळ्यात खालच्या शेतांना हळूहळू पाणी सोडते. आता ती बोडी लहान होत चालली आहे. धान पिकवणाऱ्या माणसांना बोडी आटणं समजावून सांगावं लागत नाही. मग पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “बाई, तिथं पाय घसरला त?”

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. “दोर धरते, आजा.”

“अन् दोराले कोण धरते?”

लोक हसले. ती नाही हसली. “सोबती धरते. मार्चमंदी त्यानंच धरलं मले.” आणि तिनं सगळं सांगितलं. मी मागच्या खुर्चीवर बसून, मी खोडलेलं वाक्य पुऱ्या विस्तारानं ऐकलं.

परतताना स्कूटरवर मागून म्हणाली, “अप्रस्तुत काहून लिहिलं, बाबा?” म्हटलं, शैलीच्या दृष्टीनं. ती हसली, तुमच्यासारखी, नाकातून.

परवा वरठी स्टेशनवरून तिची परतीची गाडी आहे. हे पत्र खरं तर तिलाच द्यायला हवं. पण ती ते लाल पेनानं तपासून परत देईल, आणि मग मला कुठल्याच शब्दाआड लपता येणार नाही. म्हणून हे तुमच्या मागे राहिलेल्या व्याकरणाच्या वहीत ठेवतो. ऱ्हस्व-दीर्घाचं मला काही नाही, अण्णा. ती पुन्हा त्याच बर्फावर जाणार आहे, आणि मला भीती वाटते.