अंगावर झिजलेला कोट

प्रिय ताई,

परगावी नोकरी आहे, असं तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. दुकान बंद पडल्यावर तीन वर्षं मी बसस्थानकात झोपलो.

मागच्या वर्षी तिथे बेघर माणसावरच्या एका सिनेमाचं शूटिंग आलं. गर्दीत बसायला मलाही घेतलं. कपडे सांभाळणाऱ्या बाई नायकाचा नवा कोट ब्लेडने फाडत होत्या. मला राहवलं नाही.

"बाई, अंगावर झिजलेला कोट असा फाटत नाही. आधी कोपर विरतं, मग खिशाची कड."

"तुम्ही शिंपी आहात?"

'होतो' म्हणणार होतो, पण तोंडून "हो" निघालं. त्यांनी खुर्ची सरकवली आणि कात्री माझ्या हातात दिली. मी तिच्या पात्याने कोटाचं कोपर खरवडायला लागलो.

आता त्यांच्याकडेच कामाला आहे, राहायला वर खोली आहे. आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "आभार राहू द्या, बटणं लावा."

काल आम्हा सगळ्यांना तो सिनेमा दाखवला. शेवटच्या नावांमध्ये 'शिंपी' असं आलं आणि पुढे माझं नाव, बाबांच्या नावासकट.

पत्र टाकायचा धीर अजून होत नाही. पण सिनेमा तिकडे लागलाच, तर संपला म्हणून लगेच उठू नकोस.

तुझा धाकटा