टेस्टमध्ये पैकीच्या पैकी

४ फेब्रुवारी

माफ कर. अकरा दिवस तुला हात लावला नाही. टेस्ट झाली त्या दिवसापासून छातीत धडधड. वहीत लिहिलं की गोष्ट खरी होते, म्हणून टाळलं. पण आज सुनेला पत्र आलंय. आता कुठे लपू?

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे माझंही डोकं जागेवर येईल. सून घरीच बसून अ‍ॅप बनवते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी रोज सकाळी फोनवर ‘मी बरा आहे’ हे बटण दाबायचं. दाबलं की त्यांच्या माणसाला फोनवर कळतं; नऊपर्यंत दाबलं नाही, की धोक्याचा निरोप जातो. या कामाला तिला सरकारी अनुदान मिळालं. पहिला हप्ता संपला. दुसरा कधी? तर पाच म्हाताऱ्यांकडून टेस्ट करून घ्यायची, निकाल पाठवायचा, मग. तो आला नाही तर अ‍ॅप बंद. नवरा आधीच पाण्यात – माझा मुलगा जहाजावर असतो – आता तिची दोन वर्षंही पाण्यात जायची.

तर ती टेस्ट. मी, वरच्या मजल्यावरचा शिंपी, समोरच्या नर्सबाई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी. माझी शाळा सुटली सातवीच्या गणितात. टेस्ट म्हणजे परीक्षा, एवढंच मला ठाऊक. वाटलं, आपल्यापायी पोरीचे मार्क जायला नकोत. अ‍ॅप तिने आधीच फोनवर घालून दिलं होतं. ती बाहेर गेली की बसून घोकलं. चिठ्ठी केली – ‘आधी निळं, मग खालचा बाण दोनदा, मग हिरवं.’ तिच्या चार नकला काढल्या आणि चौघांना वाटल्या!

शिंपी म्हणाला, "लिफ्टमन, पकडलं तर?"

म्हटलं, "चष्म्याच्या डबीत ठेव. म्हाताऱ्याची डबी कोण उघडतंय?"

पाचही जण पास. एकाचीही चूक नाही. चौतीस वर्षं लिफ्टची बटणं दाबली, पण असा निकाल कधी लागला नव्हता. छाती फुगवून जेवलो. दुपारनंतर मात्र शिंप्याचं ‘पकडलं तर?’ आठवायला लागलं ते आजतागायत.

आणि आजचं पत्र – ‘पाच ज्येष्ठ वापरकर्ते व शून्य चुका ही बाब विश्वासार्ह वाटत नाही. पंधरा दिवसांत खुलासा करावा.’ सून त्याला डेडलाईन म्हणते. हा शब्द म्हाताऱ्या माणसासमोर उच्चारू नये!

५ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी

ती बग शोधतेय. बग म्हणजे किडा. तिला वाटतं चुका मोजणाऱ्या भागातच काही बिघाड असणार. दोन दिवस डोळे लाल करून स्क्रीनवर किडा शोधतेय, आणि किडा बाहेरच्या खोलीत बसून दूध पितोय. दूधही तिनेच गरम करून दिलेलं.

अनुदानाच्या कागदावर माझ्या नावापुढे ‘लाभार्थी’ लिहिलंय. त्यात खोटं काही नाही. माझ्या फोनची अक्षरं तिने मोठी केली. गोळ्यांच्या पुड्यांवर सकाळ-संध्याकाळ लिहिलं. आणि इतक्या वर्षांत ‘बाबा, तुम्हाला नाही कळायचं’ हे वाक्य तिच्या तोंडून एकदाही आलं नाही. सख्खा मुलगा दिवसातून तीनदा म्हणायचा! अशा पोरीच्या कामात मी माती कालवली.

९ फेब्रुवारी

सांगून टाकलं. सकाळी, तिने लॅपटॉप उघडायच्या आधी. चिठ्ठी पुढ्यात ठेवली. म्हटलं, "कॉपी केली. सगळ्यांना मीच दिली. चष्म्याच्या डबीत लपवायला लावली."

तिने चिठ्ठी उचलून वाचली. मग म्हणाली, "बाबा, टेस्ट तुमची नव्हती हो."

"मग?"

"माझी होती! तुम्ही जिथे अडखळाल, तिथे माझं चुकलेलं असणार. मला तुमच्या चुकाच हव्या होत्या."

बहात्तर वर्षांत माझ्या चुका कोणी मागून घेतल्या नव्हत्या. शाळेने नाही, साहेबाने नाही, हिच्या सासूने तर नाहीच.

मग ती हसायला लागली. इतकी हसली की डोळे पुसावे लागले. "चष्म्याच्या डबीत?" म्हणाली आणि परत हसली. रागावली असती तर सोपं गेलं असतं. मला रडूच आलं.

११ फेब्रुवारी

परत टेस्ट. चिठ्ठ्या जप्त. सून मागे बसून नुसतं लिहीत होती, मदत करायची नाही असा नियम.

शिंपी बटणावर अंगठा रुतवून बसला. नर्सबाई म्हणाल्या, "अहो, किती दाबाल? शर्टाचं आहे का ते?" स्वतः बाईंनी नावाच्या जागी फोन नंबर टाकला. मी ‘मी बरा आहे’ दाबलं, तर फोन विचारतो – ‘नक्की?’ घोकताना हे कधी वाचलंच नव्हतं, नुसतं हिरवं दाबायचो. मला वाटलं, याला संशय आला. घाबरून ‘नाही’ दाबलं. लगेच सुनेचा फोन बोंबलायला लागला – सासरे बरे नाहीत!

ती म्हणाली, "बाबा, आजचा सगळ्यात मोलाचा बग हा. हे ‘नक्की?’ काढूनच टाकते."

एकूण एकेचाळीस चुका. जाताना शिंप्याने हळूच विचारलं, "म्हणजे पास की नापास?"

१४ फेब्रुवारी

खुलासा मी लिहिला. ती म्हणाली, मी लिहिते; मी ऐकलं नाही. ‘खाली सही करणारा मी, निवृत्त लिफ्टमन, टेस्ट या शब्दाचा अर्थ परीक्षा असा घेऊन कॉपी केली व इतर चौघांकडून करवली. सुनेस याची कल्पना नव्हती. काय शिक्षा द्यायची ती मला द्यावी. तिचा हप्ता अडवू नये.’ शुद्धलेखनाच्या चुका तिने तशाच राहू दिल्या. सोबत एकेचाळीस चुकांची यादी जोडली.

आता वाट पाहणं.

२० फेब्रुवारी

त्या ऑफिसातल्या बाईंचा फोन. "कॉपीवाले आजोबा बोलताय का?" मी खुर्चीतून उठूनच बोललो. त्या म्हणाल्या, "तुमचं पत्र आमच्या सगळ्या टेबलांवर फिरलं. फाईल पुढे गेलीय." ठेवताना, "तब्येतीला जपा." कोण कुठली बाई! देव तिचं भलं करो.

३ मार्च

मंजूर!! दुसरा हप्ता रिलीज, म्हणजे आता अ‍ॅपही रिलीज. दोन्हीला शब्द एकच, मला आजच कळलं. सून मंजुरीचं पत्र घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आनंदाने रडत असेल.

१० मार्च

आनंदाने नव्हतं. पत्रात अट होती – पुढचं वर्षभर त्यांच्या केंद्रात राहून काम करायचं. इथून दिवसभराचा प्रवास. ‘मी नाही जाणार, बाबा’ म्हणाली. मीच माळ्यावरून बॅग काढली.

आज सकाळी गेली. मी आठ वाजता बटण दाबलं. मी बरा आहे, हे तिला बसमध्ये कळलं. पण ती बरी आहे का, हे मला सांगायला त्यात बटणच नाही! एवढ्या टेस्टमध्ये हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

दिवे लागले. पोचलीस का गं पोरी? असशील तिथून कळव. लवकर कळव.