शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक

मी, वय एकसष्ट, धंदा गाडी चालवायला शिकवणे (सध्या बंद), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांनी मुदत सांगितली आहे.

१. हप्ते थकले म्हणून कर्ज देणाऱ्या कंपनीने माझी शिकवणीची गाडी ओढून नेली, लिलावात पडेल त्या भावाने विकली आणि उरलेल्या रकमेसाठी दावा लावला. कर्जाला जामीन माझा धाकटा भाऊ. मी गेल्यावर ते त्याचे चष्म्याचे दुकान धरतील. म्हणून बाजारातली माझी शिकवणीची खोली विकून आधी हे देणे फेडावे. काही उरले तर पत्नीने घ्यावे.

२. ती खोली मुलीला द्यायचे कबूल केले होते. तिला विचारले. म्हणाली, "विका बाबा. काकांचं दुकान गेलं तर त्यांच्या घरी कोणत्या तोंडानं जाऊ?"

३. राहते घर पत्नीचे. तिने कंपनीच्या कोणत्याही कागदावर सही करू नये. वसुलीवाला गोड बोलतो, पाणी मागतो. पाणी द्यावे.

४. समन्स आले त्या दिवशी भावजय दारातूनच म्हणाली, "भाऊजी, ब्रेक तुमच्या पायाखाली होता, तरी आमच्याच अंगावर आलात!" बरोबर बोलली. तिच्यावर राग नाही. हल्ली कशाचाच येत नाही.

५. शिकवणाऱ्याच्या बाजूचा तो जादा ब्रेक कंपनीने गाडी नेण्याआधी मी काढून ठेवला होता. तो माझ्या पैशाने बसवलेला, कर्जातला नव्हे. पलंगाखाली गोणपाटात आहे. भावाला द्यायचा होता. पण साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असे वकील म्हणतात, आणि भाऊ म्हणाला, "दादा, ते लोखंड घेऊन मी काय करू? मला साक्षीदार कर." दोन वर्षांत तो माझ्याशी एवढेच बोलला.

तेव्हा ब्रेक मुलीला. गावभर शिकवले, तिला मात्र 'उद्या, उद्या' करत राहिलो. ती ज्या गाडीवर शिकेल तिच्यात तो बसवून घ्यावा.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली.
दिनांक: दाव्याच्या तारखेचा आदला दिवस.

(माझी सही)

साक्षीदार:
१. शेजारचे कंपाउंडर (सही)
२. धाकटा भाऊ, चष्मेवाला (सही)

ता. क. सही करण्याआधी भावाने सगळी पाने सावकाश वाचली. मी थांबलो. जामिनकीच्या वेळी मी त्याला वाचू दिले नव्हते.