कवटीत मावलेली मोहरी

मंगळवार, संध्याकाळ. यिशुन, सिंगापूर.

नामशेष झालेल्या एका मानवप्रजातीतल्या माणसाच्या कवटीचं आकारमान माझ्या स्कॅनमध्ये जुन्या नोंदीपेक्षा कमी येतंय. सर म्हणाले, "चूक तुझ्या प्रोग्रॅमचीच असणार." उद्या उत्तर द्यायचंय. पूर्वीचे संशोधक कवटीत मोहरी भरून मोजत. म्हणून थ्रीडी प्रिंट केलेली कवटी घरी आणली, उलटी धरली आणि तळाच्या भोकातून मोजपात्रातली मोहरी ओतली. काठोकाठ भरली तेव्हा आकडा माझ्या स्कॅनचाच होता.

मग जुना आकडा कुठून आला? तो नोंदवणाऱ्या संशोधकाने मोहरी दाबली असेल?

अंगठ्याने दाबून पाहिली. मोहरी आत गेली, गिळल्यासारखी. पुन्हा ओतली, पुन्हा दाबली.

"अजून मागतोय बघ तो," रूममेट रश्मी म्हणाली. "आणि ती मोहरी आता फोडणीला नको हं."

जुना आकडा जुळला. म्हणजे त्याने दाबलीच होती, आणि हवा तो आकडा आल्यावर थांबला होता. प्रोग्रॅम बरोबर आहे. मीही तिथेच थांबायला हवं होतं. पण अंगठा दाबतच राहिला. रश्मीने मनगट धरलं तेव्हा कळलं. जुना आकडा केव्हाच मागे पडला होता, आणि कवटी अजून घेत होती.