पाटावर बंदूक नव्हती

१८ सप्टें. १९६४
दवाखाना आवरत होतो तेवढ्यात तुकोजीअण्णा आले. रिटायर्ड सुभेदार, पंधरा वर्षं माझ्याकडेच औषध. ब्लडप्रेशर बघू दिलं नाही. म्हणाले, "डॉक्टर, बंदुकीला तेल द्यायला बसतो न् नळी हनुवटीखाली कधी येते कळत नाही. दोनदा झालं." त्यांची बायको, अक्का, वारल्यापासून जेवण नाही, झोप नाही, एवढं ठाऊक होतं. हे नव्हतं. भिंतीवरची भवानीची तसबीर काढून माझा हात तिच्यावर ठेवायला लावला. यशवंताला, त्यांच्या मुलाला, सांगायचं नाही. मी ठेवला हात. गाढवपणा.

२१ सप्टें.
झोपेच्या गोळ्या दिल्या, चारच. पोलिसांत कळवावं? बंदुकीचं लायसन्स जाईल ते जाऊ दे, पण सुभेदाराच्या दारात जीप उभी राहणार. त्यापेक्षा मेंदूच्या इस्पितळात चला म्हटलं, तर "मी वेडा नाही" म्हणून उठून गेले.

५ ऑक्टो.
अण्णा येऊन गेले. "नवमी आली, बंदूक काढून लखलखीत करतो." हसले. मला ते हसणं बरं वाटलं नाही.
दुपारी यशवंताच्या ऑफिसात गेलो. सगळं सांगितलं. बिचारा दौतीकडे बघत बसला. "माझ्याशी का नाही बोलले?" ठरलं ते असं: अण्णा देवळात गेले की बंदूक ओळखीच्या बंदूकवाल्याकडे ठेवायला द्यायची. "नवमीच्या आधीच," हे मीच म्हटलं.

१४ ऑक्टो., खंडेनवमी
दरवर्षीसारखं अण्णांकडे जेवण, चामराजपेटेतली आपली सगळी मराठी माणसं. पूजेच्या पाटावर सुनेची शिवणाची मशीन, यशवंताचा टाइपरायटर, माझा स्टेथोस्कोप. मधे हातभर जागा मोकळी. दरसाल बंदूक तिथंच असते, लोक ती बघायलाच येतात. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली नाही? चूक माझीच.
कुणीतरी विचारलंच, "अण्णा, बंदूक कुठं?"
"डॉक्टरांना विचारा. त्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं." आवाज चढवला नाही. स्टेथोस्कोपला स्वतः कुंकू लावलं न् माझ्या हातात दिला.

२ नोव्हें.
अण्णा फिरकले नाहीत. शेजारच्या काकूंनी खोकल्यासाठी डॉक्टर बदलला, पार दूर कंटोन्मेंटात. कंपाउंडरला म्हणाल्या, तिथं आपल्यातलं कुणी नाही, ते बरं. राग आला. मग लाज वाटली.

१९ नोव्हें.
अण्णांची सून आली, गोळ्या न्यायला. "मामंजी बरे आहेत. स्वल्प जेवतात. दिवसभर मागच्या विहिरीच्या कट्ट्यावर बसून असतात, हाक मारली तरी ओ नाही. पण शांत आहेत."
कुणाशी बोलतात?
"कुणाशीच नाही."
बंदुकीचं त्यांनी मला येऊन सांगितलं होतं. विहिरीचं सांगायला येणार नाहीत. यशवंताला फोन केला, विहिरीवर फळ्या टाक म्हटलं. तो म्हणाला, "सरी, टाकतो. पण डॉक्टर, ते दिसेलच ना सगळ्यांना." आत्ताच चप्पल घालून निघतो. भेटले तर कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसेन.