कावळ्यापुढे कबूल केलेली टाकी

अहो,

वर 'प्रिय' लिहिणार होते, पण एकतीस वर्षांत मी तुम्हाला कधी प्रिय म्हटलं नाही. आता म्हटलं तर तुम्हीच विचाराल, 'काय हवंय?' तर ऐका, हवंच आहे. मला तुमच्या या माशांच्या टाकीतून सुटायचंय.

आजच लिहायला बसले ते मंगळवारमुळे. दुपारी रिटर्न पंप बंद पडला. खालच्या कपाटातलं पाणी वर टाकीत ढकलणारा तो तुमचा लाडका पंप! मी फतकल मारून कपाटासमोर बसले, कोपरापर्यंत हात खाऱ्या पाण्यात, आणि फोन वाजायला लागला. मनूचा. ओला हात कसा लावू? म्हटलं, पंप सुरू झाला की करते. तीनदा वाजला, तीनदा वाजू दिला. पंपाचा पंखा काढला, व्हिनेगरमध्ये बुडवला, टूथब्रशने घासला, परत बसवला. पाणी वर चढलं. मला कोण आनंद!

मग हात पुसून फोन केला तर जावईबापू बोलले. आपल्या मनूला सातवा महिना लागलाय, तुम्हाला ठाऊक नसेल. तिच्या अंगावरून गेलं होतं, दवाखान्यात नेलं होतं. बाळ सुखरूप आहे, तीही बरी आहे. पण लेक तीनदा आईला हाक मारत होती आणि आई तुमच्या पंपाला आंघोळ घालत होती.

डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलंय. पहिलं बाळंतपण माहेरी, नेरूळला करायचं होतं, डोहाळजेवण करायचं होतं, सगळं राहिलं. आता मीच बंगळुरूला जायला हवं. ती दोन महिने विचारतेय, 'आई, कधी येतेस?' मी म्हणते, 'बघते गं.' काय बघते मी? टाकीतला थर्मामीटर बघते!

मी अशी बांधली कशी गेले, ते तुम्हाला सांगायलाच हवं. तुमच्या दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. ऊन असं की पाय भाजत होते. तुमचे धाकटे भाऊ माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे. भाऊजी म्हणाले, 'दादा, वहिनीला अंतर देणार नाही.' कावळा कठड्यावरच. 'दादा, गावचं घर विकणार नाही.' कावळा मान वाकडी करून बघतोय. मनू म्हणाली, 'बाबा, मी आईला सांभाळीन.' तरी नाही. भटजींचं सारखं घड्याळाकडे लक्ष. शेवटी भाऊजींनी मला विचारलं, 'वहिनी, दादाचा जीव कशात अडकला असेल?'

कशात म्हणजे काय? अख्ख्या सोसायटीला माहीत होतं! मी ओरडलेच, 'टाकी मी सांभाळीन! एक कोरल मरू देणार नाही!' आणि तो कावळा आला हो खाली! झडपच घातली पिंडावर. सगळे रडले. तुम्ही गेल्यापासून माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, मी तिथे पहिल्यांदा रडले. तुमची सुटका झाली आणि मी अडकले.

काय येत होतं मला टाकीतलं? तुम्ही कधी हात लावू दिलात? 'तुझ्या हाताला साबण असतो,' म्हणायचात. पाणी जरा कमी झालं की मी आपली मिठाचं पाणी कालवून ओतायची. समुद्राची टाकी, म्हणजे खारंच पाणी घालणार ना माणूस! पंधरा दिवसांत तुमचा तो हॅमर कोरल, हातोडीसारखी टोकं असलेला प्रवाळ, सगळा आत ओढला गेला. उलव्याचे इक्बालभाई आले, तुमचे टाकीवाले दोस्त, एक थेंब खारेपणा मोजायच्या नळीच्या काचेवर घेऊन ती डोळ्याला लावली आणि कपाळावर हात मारला. 'वैनी, पानी उडतं, मीठ नाय उडत! रोज वरून गोडं पानीच घालायचं. तुमी तर लोनचं घातलं!' त्या दिवशी मी हसले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा, तेही लोणच्यावर.

मग शिकले. रोज फिल्टरचं गोडं पाणी, मोजून. रविवारी थोडं पाणी काढून नवं खारं पाणी. पाण्यातली घाण काढणाऱ्या त्या स्किमरच्या कपात साठलेला घाणेरडा फेस ओतायचा. काय वास हो तो! काच घासायची, थेंब थेंब टाकून कॅल्शियम तपासायचं. पाणी गार ठेवणारा चिलर घरघरला की धावत जाऊन थर्मामीटर बघायचा. लाईट गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप लावून समोर बसून राहायचं. सोमवारी मी स्वतः अंडं शिवत नाही, पण तुमच्या माशांना कोळंबी चिरून भरवते. देव बघत असेल तर त्याने तुम्हाला विचारावं, मला नाही.

वर्ष होत आलं, मी एक रात्र घराबाहेर झोपले नाही. गावच्या जत्रेला गेले नाही. जाऊबाईंच्या घरभरणीला सकाळी निघून संध्याकाळी परत. इक्बालभाई आठवड्याला एकदा येतात बिचारे, पण रोज कोण येणार? खोटं कशाला बोलू, सकाळी दिवे लागतात आणि ती कोरलं एकेक करून उघडतात, तेव्हा चहा गार होतो माझा. तो केशरी मासा मी हात घातला की मला चावतो. मी त्याला तुमच्याच नावाने ओरडते. म्हणजे, 'अहो, पुरे!' म्हणते.

पण एक गोष्ट माझ्या पोटात फार वर्षं आहे, ती आज काढते. माझी आई गेली तेव्हा तुम्ही कराडला किती वेळ होतात? सकाळी आलात, दुपारी निघालात. 'चिलर बंद पडलाय, शैला.' मी मान डोलावली. दारात उभी राहून तुमची पाठमोरी आकृती बघितली आणि आत जाऊन सगळ्यांचा चहा टाकला. दुष्काळी माण तालुक्यातला माणूस तुम्ही, लहानपणी टँकरमागे घागर घेऊन पळालेले. तुम्हाला हॉलमध्ये साडेतीनशे लिटरचा समुद्र हवासा वाटला, हे मला समजत होतं. पण मला तेव्हा तुम्ही हवे होतात. आणि मंगळवारी मी मनूला नेमकं तेच केलं. तुमचा पंप शिकता शिकता मी तुमचा हा गुणही उचलला की काय?

गुरुवारी मनूचा फोन आला. पडल्या पडल्या बोलत होती. 'आई, माशांना माझ्यापेक्षा जास्त गरज आहे का गं तुझी?' मला रडूच फुटलं. म्हटलं, 'मी शब्द दिलाय बाळा, त्यावर बाबांचा कावळा शिवलाय.' तर ही हसायला लागली! डॉक्टरांनी हसायलासुद्धा मना केलंय तिला.

'आई, अगं काकाने हात जोडायला छत्री मिटली, म्हणून कावळा आला. तो छत्रीला घाबरत होता. मी समोरच उभी होते.'

'मग तेव्हा का नाही बोललीस?'

'तू तेव्हा पहिल्यांदा रडलीस ना. म्हटलं, राहू दे.'

एका छत्रीपायी माझं वर्ष गेलं, अहो! भाऊजींना फोन लावला, तर म्हणतात, 'असेल वहिनी, हात जोडले होते खरे.' दिवसभर चिडचिड झाली. आणि संध्याकाळी वाटलं, छत्री नसेल आणि खरंच तुम्हीच आला असाल तर? मग मी शब्द मोडायचा कसा?

म्हणून इक्बालभाईंना विचारलं, 'हे कधी काही बोलले होते का? मी नसलो तर टाकीचं असं करा, शैलाला सांगा, असं काही?' मला वाटत होतं, असेल एखादा शब्द माझ्यासाठी. त्यांनी खूप आठवून बघितलं. मग म्हणाले, 'नाय वैनी. खोटं कसं बोलू? टाकीचंच बोलायचे.'

एक शब्द नाही! ड्युटीवर जाताना डबा घेतलात, 'चार वाजता टेंपरेचर बघ,' म्हणालात आणि गेलात ते गेलात. मला कोणी सोडवणार नाही, तुम्हीसुद्धा नाही, हे मला इक्बालभाईंचं ऐकून कळलं.

रविवारी इक्बालभाई थर्माकोलचे खोके घेऊन येताहेत. मासे, कोरलं, दगड, सगळं उलव्याला. त्यांच्याकडे मोठी टाकी आहे, तिथे ती जगतील. हॅमर आता फुललाय, आधीपेक्षा मोठा. पहिल्यांदा तोच काढून द्यायचा, माझ्या हाताने. साबण न लावता. सोमवारची माझी गाडी आहे.

तुमचं वर्षश्राद्ध मी बंगळुरूला करणार. भटजी मिळाले तर मिळाले. मनूच्या गच्चीवर पान ठेवीन. वरण-भात, वडे, खीर, आणि तुम्हाला आवडायची ती गवारीची भाजी. छत्री कोणाला आणू देणार नाही. कावळा आला तर नमस्कार करीन. नाही आला तर उन्हात उभी राहीन, पाय भाजेपर्यंत, तुमच्यासाठी तेवढं नक्की करीन. पण अहो, तो कठड्यावर बसून कितीही वेळ मान वाकडी करून बघत राहिला, तरी या वेळी मी काहीही कबूल करणार नाही. हा माझा शब्द.

तुमचीच,
शैला