दांड्याला बांधलेलं फडकं

३ मार्च, सोमवार
गोदीचं उद्यान केलंय म्हणे! सायकल काढली आणि गेलो. सायकलींना वेगळी वाट दिलीय, हिरवीगार. पण वळणावर उतार आतल्या बाजूला — पाणी वाटेवरच साचणार. मला कुणी शिकवलं नाही, पण एवढं कळतं.

मधोमध आमची क्रेन! पिवळी रंगवून शोभेला उभी केलीय. पाटीवर वजनाचा आकडा चुकलाय. ती दादानं आणि मी दोन पाळ्यांत चालवली, हे कुठेच नाही. नसेना का.

एक मात्र खटकलं. तळाच्या मोठ्या दातेरी चाकाला ताजं ग्रीस. मेलेल्या क्रेनला ग्रीस कशाला? पाणी मुरतंय कुठेतरी.

४ मार्च
ग्रीस देऊन भाग सैल करायचे, मग रातोरात भंगारात. दुसरं काय असणार! बायकोला सांगितलं. "अहो, लोकांना दुधात पाणी दिसतं, तुम्हाला कट दिसतो." हसली. हसू दे.

५ मार्च
पुन्हा गेलो. वारा तोंडावर. रखवालदार म्हणतो, "सायकल तिकडे लावा, काका." काका! त्याचेच अर्धे केस पांढरे.

क्रेनभोवतीच्या साखळीवरून वाकून पाहिलं. निम्मं ग्रीस चाकावर, निम्मं फरशीवर. गबाळं काम. आणि ब्रेकच्या दांड्याला — फडकं!

ही दादाची आणि माझी रीत. ज्यानं ग्रीस दिलं त्यानं दांड्याला फडकं बांधायचं. पुढच्या पाळीवाल्यानं ते सोडायचं — म्हणजे 'आलो, आता क्रेन माझ्याकडे.' तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणजे दादाच! गोदी बंद करायच्या कागदावर पहिली सही त्याची. तेव्हापासून आमचं बोलणं तुटलं. आता क्रेन विकायलाही हाच पुढे!

७ मार्च
रखवालदाराला खोदून विचारलं. "येतात एक आजोबा, उजाडताना. बाई असतात बरोबर. आम्ही काही बोलत नाही." का बोलत नाही? काय मिळतं यांना? आणि बाई कोण? मोजमापाला आलेली असणार.

पण दादा सांडणारा नव्हे. थेंब पडला तर मला माझ्याच बाहीनं पुसायला लावायचा. मग हे गबाळं काम कुणाचं?

बायको म्हणाली, "सख्खा भाऊ ना तुमचा? जाऊन विचारा." मी? त्यानं यावं!

८ मार्च
फडकं तसंच. हात लावला नाही. मुद्दामच.

९ मार्च, रविवार
उजाडायच्या आत पोहोचलो. सायकल झाडाआड. आज रंगेहाथ धरायचं!

बाई म्हणजे वहिनी निघाली. तिच्या खांद्यावर हात ठेवून मागून दादा. तिनं त्याचा हात धरून चाकावर नेऊन ठेवला. तो एकेक दात चाचपत ग्रीस भरत राहिला. मान वर, भलतीकडेच. वहिनी फरशी पुसायला ओणवी झाली, तर म्हणाला, "सांडलं का गं? राहू दे. तो आला की ओरडेल मला."

डोळे गेलेत त्याचे. मला कुणी कळवलं नाही. कळवणार कसं — दारातून परत पाठवायचो मी त्यांची माणसं.

शेवटी त्यानं दांडा चाचपला. फडकं होतं तिथंच.

"आजही नाही आला," म्हणाला.

मी झाडाआडच.

१० मार्च
त्यांच्या आधी गेलो. फरशी पुसली. बाहीनं.

फडकं सोडलं, आणि तिथंच उभा राहिलो.